मेहुण्याच्या वजनाचा लोडर

"आबा, ट्रॅक्टरला ओझी उचलायचा लोडर घ्यायचा तर मोठाच घ्यायचा," असं चिरंजीव म्हणाले आणि आबांनी चहाचा कप खाली ठेवला. चिरंजीव म्हणजे कुणी पोरगेलासा तरुण नव्हे हं. वय सेहेचाळीस, टक्कल जवळजवळ पूर्ण. पण ट्रॅक्टरची चावी अजून आबांच्या कमरेला. रोज सकाळी मागायची, संध्याकाळी परत करायची, शाळेत शेजारच्याची पट्टी उसनी घ्यावी तशी. एकदा तरी ती चावी आपल्या कमरेला लागावी, एवढंच त्या बिचाऱ्याचं मागणं होतं.

"ट्रॅक्टर केवढा, लोडर केवढा! पुढे एवढं धूड लटकवलंस तर मागची चाकं हवेत जातील."

"नाही जाणार."

"गेली तर?"

"आणि नाही गेली तर?"

झालं! आबा इरेला पेटले. "महिनाभर काम करून दाखव. माझ्यादेखत मागचं चाक एकदाही उचललं नाही, तर ही चावी कायमची तुझी. उचललं, तर लोडर परत आणि माझ्या हयातीत चावीचं नाव काढायचं नाही. आणि हो, मागे दगड, लोखंड, काँक्रीट, कसलंही ओझं बांधायचं नाही."

चिरंजीवांनी बेधडक हो म्हटलं, कारण आपलाच ट्रॅक्टर विक्रेत्याच्या आवारात नेऊन त्यांनी तो लोडर जोडून पाहिला होता. ओल्या गवताची दाबून बांधलेली चारशे किलोची गाठ कशी अलगद वर गेली होती! एक गोष्ट मात्र त्यांच्या लक्षात आली नव्हती. त्या वेळी त्यांचा मेहुणा ट्रॅक्टरच्या मागच्या लिफ्टवर, नांगर जोडतात त्या दांड्यांवर, उभा राहून त्यांच्या कानाशी आपल्या पोटाच्या तक्रारी सांगत होता. मेहुणा भावंडांत शेवटचा, म्हणून त्याला सगळे बारक्या म्हणत. वजन एकशे अठरा किलो.

लोडर घरी आला. आबा जेवायला आत गेले तेवढ्यात चिरंजीवांनी गाठ उचलायला घेतली. गाठ जागची हलली नाही, ट्रॅक्टरच मागून उठला. चिरंजीव स्टिअरिंगला मिठी मारून बसले, समोर नुसती माती दिसत होती. कसाबसा लोडर खाली घेतला, घाम पुसला आणि विक्रेत्याच्या आवारात आपल्याबरोबर कोण कोण होतं ते आठवून पाहिलं. मग त्यांनी फोन लावला.

"बारक्या, ये की राहायला. चांगला महिनाभर ये."

पलीकडे बारक्यानं टीव्ही बंद केला. मग हलक्या आवाजात प्रश्न आला, "भावजी, कोणी गेलं का?"

फोन ऐकणाऱ्या चिरंजीवांच्या बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. "वीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या माणसांची आठवण झाली हो तुम्हाला!"

बारक्या आला. ट्रॅक्टरच्या मागच्या लिफ्टवर फळी, फळीवर उशी, उशीवर बारक्या, अशी रचना झाली. गाठी भराभर उचलल्या जाऊ लागल्या. आबा काठी टेकत आले आणि ट्रॅक्टरभोवती एक चक्कर मारून म्हणाले, "हे काय?"

"पाहुणे आहेत. शेत बघायचंय त्यांना."

"रोज?"

"आवड आहे."

"मागे ओझं लावायचं नाही असं ठरलं होतं."

हे नेमकं सूनबाईंच्या कानावर गेलं. "आबा, माझा भाऊ ओझं आहे का?"

आबा काठी टेकत परत गेले.

पण त्या फळीवर बसणं म्हणजे काही सुख नव्हतं. प्रत्येक खड्ड्याला बारक्या उशीवरून वीतभर उडायचा आणि भीतीनं त्याची भूकच मेली. चिरंजीव त्याला रोज सकाळी पशुखाद्याच्या वजनकाट्यावर उभं करत. एकशे अठरा. एकशे तेरा. एकशे सात.

"अरे, खा रे बाबा! पाया पडतो तुझ्या!"

"एकट्याला जात नाही हो, भावजी."

म्हणून चिरंजीव सोबतीला बसू लागले. सकाळी सहा अंडी, लोणी थापलेला पाव, वाडगाभर उकडलेले बटाटे. दुपारी पुन्हा तेच. बारक्या दोन घास खाऊन ताट पुढे सारायचा, "तुम्हीच संपवा." अन्न टाकवत नाही, म्हणून चिरंजीव संपवायचे. पँटचं बटण लागेना, तेव्हा त्यांनी दोरी बांधली, पण पंगत सोडली नाही.

महिन्याचा शेवटचा दिवस उजाडला. आबा खुर्ची घेऊन समोरच बसले. चिरंजीवांनी गाठ उचलली आणि मागची चाकं थरथरायला लागली.

"मागे सरक, बारक्या!"

"मागे फळीच संपली, भावजी!"

"थांब!" आबा ओरडले. "खाली घे! लोडर परत द्यावा लागेल अशानं!"

चिरंजीवांनी गाठ खाली ठेवली. चाकं जमिनीवरच होती. आबा जरा ओशाळून म्हणाले, "दिवसभराचं काम दुपारपर्यंत उरकतंय. माझी कंबर महिन्यात एकदाही दुखली नाही. लोडर जायचा नाही, सांगून ठेवतो. जिंकलास तू." आणि त्यांनी खरोखरच ट्रॅक्टर बंद करून त्याची चावी चिरंजीवांच्या हातात ठेवली.

चिरंजीवांनी चावी कमरेला लावली, एकदा चाचपली.

"आता दोघंही काट्यावर चढा बघू," आबा म्हणाले.

बारक्या शंभर किलो. चिरंजीव एकशे चार.

कुणालाच काही सांगावं लागलं नाही. चिरंजीवांनी कमरेची चावी सोडली, मेहुण्याला दिली आणि स्वतः मागे जाऊन उशीवर बसले. गाठ सुरळीत वर गेली, मागची चाकं तसूभरही हलली नाहीत.

"आबा, पण जिंकलो ना मी?" फळीवरून आवाज आला.

"जिंकलास की!" आबा म्हणाले.

बारक्यानं गिअर टाकला आणि मायेनं मागे वळून पाहिलं. "भावजी, दोन्ही हातांनी धरा हं. पुढे खड्डा आहे."