साळूचे अकरा रकाने आणि मोहाची राई

एका जंगलात, मुलांनो, झाडं होती. जंगल म्हटल्यावर ती असणारच, एवढं तुम्हाला कळतं. पण सांगितलेलं बरं, कारण पुढची सगळी भानगड पानांनीच केली.

त्या जंगलात मोहाची एक राई होती. थंडी सरली की मोहाची पानं गळायची आणि त्यांच्या मागोमाग फुलं. फुलं सगळ्यांची. पण खाली पानांचा थर असला, की पडलेलं फूल सापडत नाही. म्हणून दरवर्षी कुणीतरी म्हणायचंच, "लावा काडी. तासाभरात जमीन साफ."

काडी लावू न देणारे एकटे धोंडबा होते. धोंडबा म्हणजे म्हातारं अस्वल, राईचे माळी. फुलं पडायच्या आत ते सगळी पानं खराट्याने झाडून झाडांच्या आळ्यांत घालायचे. पण यंदा त्यांची पाठ धरली होती. फुलं आठ-दहा दिवसांवर आली, तरी निम्मी राई बाकी होती.

वनसमितीची सभा भरली. अध्यक्ष सांबरराव म्हणाले, "धोंडबांना यंत्र देऊ. तरीही राई साफ झाली नाही, तर मात्र काडी. कोणतं यंत्र घ्यायचं ते साळू ठरवेल. तिचं अक्षर चांगलं आहे."

साळू ही साळिंदराची मुलगी. फार लाजरी. लिहायला काटा तिच्या पाठीवरच असायचा, त्यामुळे तो मागायलाही तिला कुणाशी बोलावं लागत नसे. नजर मात्र तीक्ष्ण. सभेत कोण जांभई देतं आणि कोण ती लपवतं, हे तिला बसल्या जागी दिसायचं.

तिने मन लावून काम सुरू केलं. रोज सकाळी ती करवंदीच्या जाळीमागे बसायची आणि धोंडबांकडे बघायची. एका झाडाखाली ते बेचाळीस वेळा वाकतात, हे तिने मोजलं. दर सहाव्या वेळी कमरेवर हात जातो, हेही टिपलं. "आजोबा, तुम्हाला काय हवं?" हे वाक्य तिने मनात पाठ केलं. ते विचारायला ती चार वेळा जाळीतून बाहेर आली आणि चारही वेळा कुठलीशी पानं बघायला आल्यासारखं करून परत गेली.

विचारण्यापेक्षा तक्ता बरा, असं तिला वाटलं. तक्ता उलटून बोलत नाही.

मग ती कोल्ह्याच्या दुकानात गेली. तिथे पानं ओढून घेणारं यंत्र होतं, हातात धरायचं बॅटरीचं यंत्र होतं आणि पाठीवर बांधायचा, वाऱ्याने पानं उडवणारा मोठा ब्लोअर होता. लांब दाताळंही होतं, पण ते दाराला अडणा म्हणून लावलेलं होतं.

"वयस्कर गिऱ्हाइकासाठी ब्लोअरच," कोल्हा म्हणाला. "वाकायलाच नको. बटण दाबायचं आणि उभं राहायचं."

"जड आहे का?" साळूने विचारलं. दुकानदाराशी बोलताना ती यंत्राकडे बघत होती.

"ताई, पाठीला आधार म्हणून मुद्दामच थोडा जड केलाय."

साळूने ते लिहून घेतलं.

तक्त्यात तिने अकरा रकाने आखले. वजन, आवाज, पट्ट्याची लांबी, बटणाचा आकार, यंत्राचा रंग गर्द झाडीत दिसतो की नाही, असं सगळं. ब्लोअरचा आवाज भयंकर होता. पण धोंडबांना कमी ऐकू येतं, म्हणून आवाजाच्या रकान्यातही तिने त्याला पैकीच्या पैकी गुण दिले. हे आपल्याला सुचलं याचा तिला दोन दिवस आनंद होता.

ब्लोअर आला. सकाळी सगळे राईत जमले. सांबररावांनी धोंडबांच्या पाठीवर पट्टे आवळले.

"कसं वाटतंय, धोंडबा?"

"वाटायचं काय. तुम्ही ठरवलंय ना," धोंडबा म्हणाले.

बटण दाबलं. पानं अशी उडाली की माकडांनी टाळ्या वाजवल्या. साळूच्या पाठीवरचे काटे अभिमानाने उभे राहिले.

त्या पहाटेच मोहाची पहिली फुलं पडली होती. पानांबरोबर तीही उडाली. राईतून थेट ओढ्यात. धोंडबा बटण शोधत होते, पण त्यांची नखं लांब आणि बटण लहान. बंद होईपर्यंत ओढा पिवळा झाला होता.

मागून कुणीतरी म्हणालं, "तरी सांगत होतो, काडीच बरी." दोघेतिघे पेटवायला वाळकी फांदी शोधायलाही लागले.

"फुलांचा रकाना कुठाय?" सांबररावांनी तक्ता उलटा धरून विचारलं.

साळूला जमिनीत बीळ करून शिरावंसं वाटलं. बीळ करायला वेळ लागतो, म्हणून ती धोंडबांपुढे गेली. पहिल्यांदा तिचा आवाज तिलाच ऐकू आला नाही, इतका बारीक होता, म्हणून तिने त्यांच्या कानाशी जाऊन पुन्हा विचारलं.

"आजोबा, तुम्हाला काय हवं होतं?"

"बांबू," धोंडबा म्हणाले.

"बांबू?"

"खराट्याला लांब दांडा. हा आखूड आहे, म्हणून वाकतो. खराट्याच्या टोकाने पान सरकतं आणि फूल जागच्या जागी राहतं. हाताला कळतं ते." त्यांनी पाठीवरचं ओझं खाली ठेवलं. "तू रोज जाळीमागे बसायचीस. मी सांगणार होतो. पण पोर लिहितंय, मध्ये बोलू नये म्हटलं."

बांबू वीस पावलांवर होता. साळूने तो स्वतः कुरतडून आणला. खराटा त्याला घट्ट बांधला. धोंडबा ताठ उभे राहिले आणि झाडू लागले. एका झाडाखाली साळूने मोजलं, ते एकदाही वाकले नाहीत. वाळकी फांदी शोधणारे हळूच फुलं वेचायला लागले. चार दिवसांत राई साफ झाली, काडी न लावता.

ब्लोअर कोल्ह्याने परत घेतला नाही. सांबरराव त्याच्या वाऱ्यावर शिंगं वाळवतात.

समितीचा अहवालही निघाला. 'सखोल अभ्यासाअंती समितीने लांब दांड्याची शिफारस केली आहे.' अक्षर फार सुंदर होतं.

तात्पर्य : म्हाताऱ्यांना काय हवं, हे त्यांना कधीही विचारू नये. ते एका शब्दात सांगून टाकतात. आणि मग आपण इतके दिवस काय करत होतो, हे आपल्याला विचारलं जातं.