डबल सीट नेणारे सुर्वेकाका

“वरसेत डबल सीट भेटलीय. हळू येतो, वाट बघा.”

जिन्यात सुर्वेकाका पेणच्या लॅबला फोनवर सांगत होते. डबल सीट म्हणजे मी, पोटातल्या बाळासकट. गरोदर बाईच्या रक्ताची नळी डब्यात असली की काका मोटरसायकल ताशी वीसच्या वर नेत नाहीत. नागोठण्यापर्यंत मागच्या टेम्पोवाल्यांच्या शिव्या खातात आणि एवढंच म्हणतात, “नळीत दोघं हायत.”

पंचवीस वर्षं ते घरोघरी रक्त घेत फिरतात. टोचण्याआधी शिरेला नमस्कार करतात. सासूबाया त्यांना कोपऱ्यात गाठून मुलगा की मुलगी असं विचारतात. काका नळी उजेडात धरतात, डोळे बारीक करून बराच वेळ बघतात आणि सांगतात, “लाल हाय.”

माझ्या पहिल्या तपासणीत बाळाबद्दल शंका निघाली होती. खात्रीसाठी पोटात सुई घालायची मला भीती वाटत होती, म्हणून डॉक्टरांनी पेणच्या लॅबमार्फत मुंबईत चाललेल्या एका नव्या अभ्यासात माझं नाव घातलं. बाळाच्या अगदी मोजक्या पेशी आईच्या रक्तात उतरतात. त्या हुडकून बाळ ठीक आहे का ते बघायचं. नळी बर्फात ठेवू नये, असं पाकिटावर इंग्रजीत छापलं होतं. काकांनी सवयीप्रमाणे, अगदी मायेनं, तिच्याभोवती बर्फ रचला. मी ती ओळ वाचली होती. एवढ्या अनुभवी माणसाला कसं सांगायचं, म्हणून गप्प राहिले. आठवड्यानं नमुना बाद झाल्याचा निरोप आला. त्या आठवड्याचे दिवस मी झोपेतही बोटांवर मोजत होते.

आज काका पुन्हा आले. नवरा कंपनीत, पहिल्या शिफ्टला. या वेळी काकांनी जेवणाचा रिकामा डबा आणला होता, आत बायकोच्या जुन्या साडीची घडी. नळी तिच्यात निजवली, झाकण लावलं. पण उठले नाहीत. पेनाचं टोपण काढत-लावत बसले.

“पोरी, तू इंग्रजी वाचतेस म्हणून इचारतो. बाळ ऱ्हायलं नाय, तरी त्याच्या त्या पेशी आईत ऱ्हातात काय?”

मी दंडावरचा कापूस घट्ट दाबला. हाच प्रश्न घेऊन मी आठवडाभर चोरून वाचत होते आणि नवऱ्यालाही विचारला नव्हता.

काका डब्याकडे बघत होते. त्यांच्या बायकोचं बाळ सातव्या महिन्यात पोटातच गेलं होतं. पुढं मूल झालंच नाही. अजूनही उंबरा ओलांडताना तिचा हात पोटावर जातो, म्हणाले. ते दरवेळी तिला म्हणतात, सोड गो आता.

मी दंडावरचा कापूस काढून ठेवला. मग काकांना म्हटलं.

“राहतात, काका. सगळ्यांत नाही, पण कितीतरी आयांच्या अंगात वर्षानुवर्षं राहतात. काकूंना सोड म्हणू नका.”