उत्तरसूची म्हणजे उत्तरसूची

आमच्या शेजारच्या शेवाळे सरांना नुसता नमस्कार करून सुटता येत नाही. परवा जिन्यात माझ्या पिशवीत डोकावून म्हणाले, "गटात न बसणारं पद ओळखा. मेथी, पालक, शेपू, फ्लॉवर."

"फ्लॉवर," मी म्हणालो.

"कारण?"

"ती पालेभाजी नाही."

"एवढं कळतं, मग नेमका फ्लॉवरच का आणलात?"

मुलांना प्रज्ञाशोध परीक्षेला बसवण्यात सरांची हयात गेली. सर निवृत्त झाले, त्यांच्यातली प्रश्नपत्रिका काही झाली नाही. चहा घेणार का विचारलं की म्हणतात, "पर्याय सांगा." चहा किंवा कॉफी म्हटलं की, "एक." सोसायटीच्या सभेत सगळे हात वर करून मोकळे होतात, हे कागदावर गोल काढतात आणि तो पेन्सिलने काळा करून अध्यक्षांना देतात. रेषेबाहेर जराही न जाता.

आमची मुक्ता पाचवीत आहे. रोज चारला सरांकडे बुद्धिमत्ता चाचणी सोडवायला जाते. पूर्वी सोसायटीतली सात-आठ मुलं जायची, पण बाकीची आता मोबाइलवरच्या क्लासला लागली. मुक्ता एकटी उरली, आणि सर तर घरात एकटेच असतात. रविवारी तिची परीक्षा होती. त्यानंतर सरांनी चार वाजता करायचं काय, हा प्रश्न कुणी काढलाच नव्हता.

मुक्ता वाद फार घालते. सर शांतपणे ऐकून घेतात आणि गुण कापतात. "डोकं बरोबर, उत्तर चूक. उत्तरसूची म्हणजे उत्तरसूची!" ती सूची त्यांनी स्वतःच लिहिलेली असते, हे बोलून दाखवायची सोय नाही.

शनिवारी मी तिला आणायला गेलो, तेव्हा शेवटचा पेपर तपासणं चालू होतं.

"मामा, मावशी, आत्या, शेजारी. शेजारी नातेवाईक नाही, म्हणून उत्तर चार. तू आत्याचा गोल काळा केलास. कारण?"

"आत्या बंगळुरूला असते. बाकीचे हाक मारली की येतात."

आता गुण कापणार, म्हणून मी चपला घालायला लागलो. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग उत्तरसूचीतला चार खोडून तिथे तीन लिहिला.

मुक्ता दप्तर भरत होती. तिच्याकडे न बघता सर म्हणाले, "सोमवारी येशील?"

"येईन," मुक्ता म्हणाली.

सरांनी कारण विचारलं नाही.