तेरावा गोचीड

सूनबाई बाजारातून आली आणि दारातच थबकली. टेबलावर तिच्या नावाचं पार्सल फोडलेलं होतं आणि आतली डबी रिकामी.

"बाबा, डबीतलं कुठंय?"

"पेरलं!" सासरे खुशीत म्हणाले. "एरंडाच्या बिया ना? बारा होत्या. कुंडीत ओळीनं लावल्या, पाणीही घातलं."

"अहो, चष्मा कुठंय तुमचा? जिवंत गोचीड होते ते!"

"तरीच! म्हटलं, बिया वळवळतात कशा?"

तिनं कुंडीत डोकावून पाहिलं. तिची प्रयोगशाळा कुत्र्यांसाठी गोचिडांवरची लस बनवत होती. लस टोचलेल्या कुत्र्याचं रक्त प्यायलं की गोचिडाच्या पोटातलं एक प्रथिन निकामी होऊन तो मरायचा. पण मुलूख बदलला की ते प्रथिनही बदलतं, आणि फार बदललं तर लस फुकट. दूरच्या डोंगरातल्या मेंढपाळांच्या कुत्र्यांवरचे हे शेवटचे नमुने. पुन्हा मिळायला वर्ष लागलं असतं आणि लसीला मंजुरी देणाऱ्या समितीची बैठक आठ दिवसांवर आलेली. रविवार म्हणून पार्सल घरी मागवायचा शहाणपणा तिचाच होता.

दोघं चमचे घेऊन कुंडीशी बसले. सासऱ्यांनी ओळीत पेरले होते, पण गोचीड थोडेच ओळीत राहतात! नऊ सापडले. दहावा मुळाशी. बारावा डबीत पडला तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"हा घे, आणखी एक," म्हणत सासऱ्यांनी तोही डबीत टाकला.

"बाबा! बाराच होते ना?"

"बारा पेरले, तेरा आले. याला म्हणतात पीक!"

कुंडीला टेकून झोपलेल्या घरच्या कुत्र्यानं कान खाजवला. दोघांनी त्याच्याकडे पाहिलं, मग डबीकडे. आता पाहुणे कोण आणि घरचा कोण, देव जाणे.

तिनं तेराही तपासले. चार दिवस तिला घास गोड लागला नाही. बारा अगदी सारखे निघाले, लसीला हवे तसे. तेरावा साफ वेगळा, लसीला दाद न देणारा. तो गुपचूप वगळावा, असं तिच्या मनात येऊनही गेलं. पण बैठकीत तिनं कुंडीसकट सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे डोंगरात लस चालेल," अध्यक्ष म्हणाले. "मग अडचण कुठं आहे?"

"आमच्या अंगणात, सर."

सगळे हसले, आणि लगेच लस थांबवली. आधी गावातल्या घराघरातून नमुने आणा, म्हणाले.

ती पडेल चेहऱ्यानं घरी आली. सासरे चष्मा लावून, कुत्र्याला पुढ्यात घेऊन बसले होते. शेजारी झाकण घट्ट लावलेली डबी.

"सात निघाले," ते मान वर न करता म्हणाले. "शेजारच्यांचं कुत्रं उद्या बोलावलंय."