वर्ग मोहाखाली

गुणवंतराव मास्तरांना बांबूकामाच्या वर्गाचं फारसं कौतुक नव्हतं. त्यांना हवी होती बदली. वर्ग नीट उभा राहिला की ब्रह्मपुरीला पाठवू, असं चांद्याच्या साहेबांनी कबूल केलं होतं. तिथं त्यांची बायको वच्छला कित्येक वर्षं एकटीच संसार ओढत होती.

म्हणून मास्तर पायाला भिंगरी लावून फिरले. जंगल खात्यानं बांबू द्यायचा, विकास गटानं हत्यारं, गावानं छप्पर. आणि प्रत्येक जण आधी दुसऱ्यानं द्यावं म्हणून अडून बसलेला. मास्तरांचा घसा बसला, तेव्हा कुठं सगळ्यांची मोट बांधली गेली. माणसं शिकू लागली, छपराखाली टोपल्यांची रास लागली. साहेबांनी पाहणीसाठी चैत्रातला दिवस कळवला.

चैत्रात मोहाची फुलं गळतात, हे एकाही बैठकीत कुणी बोललं नाही. सरकारला ठाऊक नव्हतं, आणि गावाला ते सांगण्यासारखं वाटलं नाही.

पाहणीच्या सकाळी मास्तर हार घेऊन पोचले, तर छपराखाली ना माणूस, ना टोपली. ते जंगल खात्याच्या नथ्थू नाकेदाराला घेऊन धापा टाकत रानात गेले. अख्खा वर्ग मोहाखाली फुलं वेचत होता, नव्याकोऱ्या टोपल्यांत.

"सोमारीबाई, ह्या टोपल्या साहेबाले दाखवाच्या होत्या," मास्तर रडकुंडीला आले.

सोमारी वर्गातली सर्वांत वयस्क बाई. तिनं मान वर केली नाही. "मंग त्याले इथी आना. फुलं ढोरं खाऊन टाकतीन जी."

वेचून झाल्याशिवाय कुणी हलणार नव्हतं. साहेबांची जीप तर येऊ घातलेली. मास्तरांनी धोतर खोचलं, नाकेदारानं टोपी काढली, आणि दोघंही उकिडवे बसून फुलं वेचू लागले.

साहेब माग काढत आले, ते याच वेळी. मास्तरांनी डोळे मिटून घेतले. आता बदली गेलीच, असं त्यांना वाटलं.

पण साहेब भारावले होते. शिकलेली वस्तू त्याच हंगामात वापरात, जंगल खातं आणि गाव एका झाडाखाली! वर्ग त्यांनी तिथंच कायम केला. मग मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "एवढी माणसं जोडणाऱ्याला मी बदलीवर पाठवतो होय? आता तुम्ही इथंच."

जीप गेली. मास्तरांचे डोळे खरोखरच भरून आले.

सोमारीनं एक रिकामी टोपली त्यांच्याकडं सरकवली. "वच्छलाबाईले इथीच घेऊन या जी," ती म्हणाली. "येचाले दोन हात वाढतीन."