आमिष कुठे ठेवावे

एका जंगलात, बाळांनो, शिंगं नसलेले प्राणी पुष्कळ होते, शेपूट नसलेलेही दोन-चार होते. पण मत नसलेला प्राणी औषधालाही सापडत नव्हता.

त्या जंगलात झिपराबाई नावाची एक अस्वलीण राहायची. तिला गबडू नावाचं एक पिल्लू होतं. नवरा नव्हता. गेल्या फणसाच्या दिवसांत तो वाटेच्या कडेच्या एका पिकल्या फणसावर वाकला, तो पुन्हा उठलाच नाही. फणस लांडग्यांनी ठेवला होता. मागच्या झुडपात लांडगेच बसले होते.

अस्वलांची शिकार हा लांडग्यांचा खानदानी छंद. त्यांचे पूर्वज म्हणे त्यासाठी डोंगरदऱ्या तुडवायचे. आताच्या लांडग्यांना दम लागायचा. म्हणून ते पायवाटेच्या कडेलाच फणस नाहीतर गुळाची ढेप मांडून सावलीत बसायचे.

अस्वलं मरत होती, तोवर कुणी काही म्हणालं नाही. पण एके दिवशी गुळाच्या वासावर धावत सुटलेलं एक अस्वल वाटेत सशीणबाईंना धडकलं आणि सशीणबाईंचा कान फाटला. झालं! सगळं जंगल पेटून उठलं.

"सभ्य प्राण्यांनी वाटेनं चालायचं की नाही?"

गोष्ट वाघमहाराजांच्या कानावर गेली. त्यांनी फर्मावलं, "आमिष वाटेपासून किती लांब असावं, याचा नियम करा. आणि आधी जनतेला विचारा." महाराज मोठे लोकाभिमुख. जेवणापूर्वी ते हरणालासुद्धा विचारायचे, 'बसतेस, की उभी राहतेस?'

पाणवठ्याजवळच्या कातळावर सभा भरली. प्रधान कोल्होपंत मधोमध बसले. झिपराबाई गबडूला पाठीवर घेऊन कडेला उभी राहिली. आज कुणीतरी आपलं ऐकेल, असं तिला वाटत होतं. भोळी होती बिचारी.

मोर म्हणाला, "लांब ठेवा हो. नाचताना वास येतो."

कासव म्हणालं, "लांब नको. म्हाताऱ्या शिकाऱ्यांनी चालायचं तरी किती? ज्येष्ठांचा विचार कोण करणार?"

माकड म्हणालं, "माझं मत दोन्ही बाजूंना आहे." आणि ते दुसऱ्या फांदीवर गेलं.

मग झिपराबाई पुढे झाली. "पंत, मी म्हणते, आमिष ठेवूच नका. माझा धनी गेला. आता हे पोर गुळाचा वास आला की वेडं होतं. मी याला किती दिवस धरून ठेवू?"

सशीणबाईंनी डोळे टिपले.

कोल्होपंत मऊ आवाजात म्हणाले, "झिपराबाई, तुमचं दुःख ते आमचं दुःख. पण ठेवावं की नाही, हा आजचा विषयच नाही. विषयाला धरून बोला. जवळ, की लांब?"

"अहो, लांब ठेवलं तरी आम्ही मरणारच की!"

"म्हणजे तुम्ही 'लांब'च्या बाजूच्या," पंत म्हणाले. "घ्या, आणखी एक मत."

तेवढ्यात लांडग्यांचे पुढारी वृकोजीराव उठले. "जनतेचा कौल शिरसावंद्य! पण आमच्या जागा पिढीजात आहेत. फणस हलवण्यापेक्षा वाटच हलवली तर?"

नवी वाट! रुंद वाट! टाळ्यांनी कातळ दणाणला. वाट पलीकडच्या घळीतून न्यायची ठरली, कारण तिथे कुणी राहत नव्हतं.

"तिथे आम्ही राहतो!" झिपराबाई ओरडली.

"अस्वलं सोडून कुणी राहत नाही," पंतांनी दुरुस्ती केली.

वाट झाली. ती थेट अस्वलांच्या दारावरून गेली. अस्वलं आपापल्या दारात उभी राहिली, तरी जंगलात बोंब उठली, "वाटेवर अस्वलं फिरतात!" पुन्हा सभा भरली. अस्वलांना वाटेपासून दूर कसं न्यावं? वृकोजीराव नम्रपणे म्हणाले, "थोडा गूळ ठेवला तर येतील आमच्याकडे."

जनता गहिवरली. जो तो घरचा गूळ घेऊन निघाला. सशीणबाईही डोक्यावर ढेप घेऊन निघाल्या. झिपराबाईने त्यांना वाटेत गाठलं.

"बाई, त्या दिवशी तुम्ही डोळे टिपले होते ना?"

"टिपले की! अजूनही टिपीन," सशीणबाई म्हणाल्या. "पण माझी पोरं याच वाटेनं शाळेला जातात हो."

त्या संध्याकाळी वारा फिरला आणि घळ गुळाच्या वासाने भरून गेली. गबडू पाठीवरून घसरून धावत सुटला. झिपराबाईने झेप घेऊन त्याचं मानगूट दातांत धरलं. तो रडला, ओरबाडू लागला, तिच्या नाकाला चावला. तिने सोडलं नाही. त्याला तसंच लोंबकळत घेऊन ती डोंगर चढून गेली. पलीकडे नुसता खडकाळ माळ होता. खायला वाळवी, तीही उकरून काढावी लागायची. गबडू पुष्कळ दिवस आईशी बोलला नाही. पण तो जगला.

बाकीची अस्वलं मागेच राहिली. "आता सगळं नियमाने आहे," ती म्हणाली, आणि गुळाकडे गेली. पुढे त्या जंगलात एकही अस्वल उरलं नाही.

वाट सुरक्षित झाली म्हणून मोठा समारंभ झाला. त्यात कुणीतरी झिपराबाईची आठवण काढली. जनतेने तिच्यासाठी एवढं केलं, आणि ती न सांगता निघून गेली! सभेने एकमताने ठरवलं, की बाई कृतघ्न होती.

तात्पर्य : मारावे की नाही, हे लोकांना कधी विचारू नये. कुठे मारावे, एवढेच विचारावे. लोक मनापासून सांगतात.