सिस्टर रोझालिनची एक जोडी

बाळांनो, दिवाळीत व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत, "आजी, तुझ्या चपलांच्या चकचकीत स्टँडवर ती एकच धुळकट जोडी कोणाची?" मी विषय बदलला, कारण शब्द दिला होता. गेल्या आठवड्यात सिस्टर रोझालिन गेल्या. आता सांगते.

आपल्या श्रीरामपूरच्या घरामागे मठ आहे. तिथल्या सिस्टर बारा महिने अनवाणी राहतात. येशूच्या गरिबीत आपलाही वाटा असावा, म्हणून घेतलेलं ते व्रत. बाकीच्या निमूट चालत. रोझालिन मात्र काट्यांशी बोलत. बाहीला सेफ्टी पिन अडकवलेलीच असे. माझ्या पायरीवर बसून सराटा काढायचा, उन्हात धरायचा आणि म्हणायचं, "या पाहुनं! लई दिसांनी?" एप्रिलच्या डांबरावरून त्या टुणटुण उड्या मारत येत. मी पायांवर पाणी ओतलं की म्हणत, "बाई, नरक आसाच आसंल, तर मला सवय हाय."

त्यांच्या आईला, मार्थाबाईंना, यात काहीच विनोदी वाटत नसे. एका नाताळात त्या नेवाशाकडच्या गावाहून एसटीने आल्या आणि लेकीला माझ्याच पायरीवर भेटल्या. पिशवीत कोऱ्या चपला. सिस्टरनी हात मागे घेतले.

"माजा बाप वेशीपाशी चपला काढून हातात घ्यायचा," मार्थाबाई म्हणाल्या. "घालून गेला तर मार. पायात घालाया आमच्या दोन पिढ्या गेल्या, आन तू हौसेनं काढून बसलीस?"

"आये, ते येगळं. त्यांना काढाया लावल्या. मी देवासाठी काढल्या."

"वेशीतल्या लोकांना काय म्हाईत, देवासाठी काढल्या का त्यांच्यासाठी?"

सिस्टर बाहीची पिन काढून तळव्यातला काटा शोधू लागल्या. म्हातारीने जोडी माझ्या हातात दिली. "बाई, ठिवा. एकदा तिनं ह्या घालून त्या वेशीतून यावं. मी दारात बसून बघीन. मग मरायला मोकळी."

दोन वर्षं सिस्टरनी त्या चपलांकडे पाहिलंही नाही. मग मे महिन्यात निरोप आला, आई गेली. त्या माझ्या दारात आल्या. "बाई, द्या."

मी सोबत गेले. वेशीपाशी रिक्षातून उतरून त्यांनी चपला घातल्या. पंचवीस वर्षं मोकळे राहिलेले पाय त्यात मावेनात. बदकासारख्या फेंगडत चालल्या. पारावरचा एकजण म्हणाला, "सिस्टर, आज चपला?"

"आईनं सांगितलंय," त्या म्हणाल्या आणि थांबल्या नाहीत.

घराच्या दारात त्यांनी चपला काढल्या. अंगठ्यापाशी रक्त आलं होतं. आईच्या कानाशी वाकल्या. "आये, आले गं. घालून आले."

परतताना जोडी माझ्याकडे दिली. "बाई, मठात मदरना कळू देऊ नका."

त्यानंतर त्या काट्यांशी बोलल्या नाहीत. सराटा निघाला की नुसता बाजूला ठेवत. त्यांना अनवाणीच पुरलं.

दर रविवारी मी घरातले सगळे जोडे फडक्याने पुसते. ही जोडी पुसत नाही. तिच्या तळाला त्या वेशीची माती अजून आहे.